बाराव्या पाण्याची चव

सूर्या नदीचं पात्र ओलांडून दोघी पलीकडच्या दरडीवर चढल्या आणि लाडकी थुंकली. मनोरच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरल्यापासूनची ही पाचवी वेळ. उषा मागून चालत होती, आणि दर वेळी तिला पाऊल चुकवावं लागत होतं. हे पान खाणाऱ्याचं थुंकणं नव्हतं. लाडकी थांबायची, जीभ टाळूवर घासायची, पदराच्या टोकाने ती पुसायची आणि मग काहीतरी चिकट, तारेसारखं लांबणारं, बाजूच्या करवंदीत टाकायची.

"अगं, किती थुंकशील?" उषा शेवटी बोललीच. "माणसं जातात-येतात या वाटेने."

"मानसं कुठं हायत, बाय? तुमी आन मी. आन तुमी तर नाकाला पदर लावूनच चालताय."

लाडकी हसली. हसली की तिच्या खालच्या हिरडीवरची निळी-काळी रेघ दिसायची, शाईच्या टाकाने ओढल्यासारखी. उषाने नजर वळवली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत तिचा डबा, आणि एका फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. चालताना त्या एकमेकींवर आपटून किणकिण वाजत होत्या. एकीवर सातचा आकडा चिकटवलेला, दुसरीवर बाराचा. आकडे उषाच्याच हातचे होते.

बिवळपाडा अजून दीड तासावर होता. ऊन तापत चाललं होतं.

त्या बाटल्या उषाच्या पिशवीत आल्या त्या अशा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात दोघी कामाला. लाडकी धुलाईला, उषा रजिस्टरला. उषा सफाळ्याची, मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली. अक्षर चांगलं म्हणून टिकलेली. शनिवारी सुट्टीच्या वेळी केमिस्ट नरहरी साहेबांनी तिला बाजूला बोलावलं.

"उषाबाई, बायकांचं बायकांना कळतं. उद्या लाडकीबरोबर तिच्या पाड्यावर जाऊन या. तिला एक पोर आहे ना?"

"बायडी. पंधराची असेल."

"तिच्या जिभेवर या दोन बाटल्यांतला एक-एक थेंब ठेवा. सातव्या पाण्यात थोडं मीठ आहे. बाराव्यात नाही, मी स्वतः औषध टाकून बघितलंय. खारं कुठलं एवढं तिने सांगितलं की सोमवारी घेऊनच या. लाडकीच्या कानावर सगळं घातलंय."

"आणि लाडकी?"

"लाडकीची जीभ संपली. पोर आली तर आईला झाडलोटीला ठेवू. नाही आली तर दोघी घरी. शेठ औषधाची बाटली वाढवून देत नाही, मी तरी काय करू?"

उषाला यात वाईट काही दिसलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. घरातलं काम घरात राहतंय. पोरीचा बाप बुधा सहा महिने वीटभट्टीवर असतो. पोरीला निदान आईबरोबर बोईसरच्या खोलीत छप्पर तरी मिळेल. पुण्याचं काम, असं म्हणत तिने सकाळी देवापुढे दिवा लावला होता आणि निघाली होती.

कारखाना कशाचा, असं माहेरी कुणी विचारलं की उषा म्हणायची, "पिठाचा." लोक हसायचे. पण सांगायचं तरी कसं? गॅसच्या लायटरमध्ये खटकन दाबलं की ठिणगी पाडणारा एक बारीक मणी असतो. त्या मण्याचं पीठ इथे व्हायचं. शिशाची पिवळी पूड, आणखी दोन पांढऱ्या पुडी, आणि या तिघींच्या बरोबरीने मीठ. साधं मीठ आणि खतात घालतात तसलं दुसरं मीठ. सगळं ड्रममध्ये घोळवायचं, पांढऱ्या मुशींत, आग सोसणाऱ्या भांड्यांत, भरायचं, झाकणं लावायची आणि भट्टीत ढकलायचं.

मीठ आगीत वितळून पाण्यासारखं पातळ होतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उषाला थाप वाटली होती. भट्टीच्या भोकातून नरहरी साहेबांनी तिला दाखवलं. तापलेल्या मुशी नारिंगी दिसत होत्या. "आत आता मिठाचा पाक झालाय," ते म्हणाले. "त्या पाकात बाकीच्या पुडी एकमेकींना शोधतात आणि वेगळंच पीठ तयार होतं. मीठ नुसतं मध्यस्थ. सोयरीक जुळवली की त्याने निघून जायचं."

उषाला ते फार आवडलं होतं. देवाची करणी वाटली होती.

पण मध्यस्थ आपणहून जात नाही, त्याला घालवावं लागतं. मुशी थंड झाल्या की आत पिवळट ढेप बसलेली असायची. ती फोडायची, टाकीत कढत पाण्यात टाकायची, ढवळायची. मीठ पाण्यात जायचं, पीठ तळाला. वरचं पाणी सोडायचं, दुसरं घ्यायचं. पुन्हा ढवळायचं. असं बारा वेळा. मीठ उरलं तर मणी भाजताना तडकतात. उरलं की नाही ते बघायला नरहरी साहेबांकडे चांदीचं औषध होतं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकायचे. मीठ असलं तर पाणी नासलेल्या दुधासारखं व्हायचं.

औषध महाग, आणि त्याला ऊन सोसायचं नाही. एका दुपारी बाटली खिडकीत राहिली आणि काळी ठिक्कर पडली. माल नेणारा टेम्पो दारात उभा. नरहरी साहेब डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हा धुलाईवरच्या लाडकीने काय करावं? टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि म्हणाली, "आजून दोन पानी लागतील, सायेब."

दोन पाणी दिली. दुसऱ्या दिवशी नवीन औषध आलं, ठेवलेल्या नमुन्यात टाकलं. पाणी नितळ राहिलं.

त्या दिवसापासून लाडकीची जीभ कारखान्याच्या कामाला लागली. तिला बसायला स्टूल मिळालं. टाकीवरच्या खिळ्याला तिचा म्हणून एक स्टीलचा चमचा टांगला गेला. औषधाची बाटली हळूहळू कपाटातच राहू लागली. उषाच्या रजिस्टरमध्ये नवीन रकाना आला, 'चव'. दिवसाला टाक्या तीन, एकेकीची पाणी बारा. लाडकी टाकीवरून ओरडायची आणि उषा दाराशी उभी राहून लिहायची. खारट. खारट. थोडं. थोडं. मीठ नाही. आत ती कधी गेली नाही. टाकीवर पिवळा फेस साचायचा, जमिनीवर निसरडा गाळ, आणि वाफेला एक वास असायचा, नाणं तोंडात धरल्यासारखा. उषा नाकाला पदर लावून घ्यायची.

"दमलात का, बाय?" लाडकीने मागे वळून विचारलं. "त्या झऱ्यावर बसू."

झऱ्याला पाणी बोटभर होतं. उषाने हातपाय धुतले, डबा काढला. केळी होती आणि अळणी दशम्या. रविवारी ती मीठ खात नसे. सूर्यनारायणाचं व्रत, आईने घालून दिलेलं, वीस वर्षांत चुकलं नव्हतं. तिने दोन केळी लाडकीपुढे ठेवली, हात लागणार नाही अशी थोडी लांबून.

"आज माझं अळणी असतं," ती म्हणाली.

"माझं रोजच अळनी हाय." लाडकीने केळं सोललं, चावलं आणि कसनुसं तोंड केलं. "हे पन गोड लागतंय."

"केळं गोडच असतं की."

"बोंबील पन गोड लागतो, बाय. मिरची पन. गोड म्हंजे गुळावानी नाय. भांड्याला कल्हई करतात ना, ती चाटल्यावानी. रातीला झोपले तरी तोंडात तेच. थुंकते, थुंकते, जात नाय."

उषाने हातातली दशमी डब्यात परत ठेवली.

"कधीपासून?"

"गेल्या पावसापासून."

"पावसापासून?" उषा म्हणाली. "मग टाकीवरून रोज सांगायचीस ते काय होतं?"

"मोजून सांगायची. पयली सहा खारट, मंग चार थोडं, मंग नाय. इतकी वर्सं चाखलं, माहीत नाय का मला? एकदा भट्टीवाल्यांनी मीठ जास्ती टाकलं, तवा फसले. तोच माल परत आला."

परत आलेले ड्रम उषाला आठवले. प्रत्येकावर तिच्या हातची चिठ्ठी होती. 'मीठ नाही.'

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझी जीभ मेली म्हनून?" लाडकी झऱ्याकडे बघत राहिली. मग, विचारलं नव्हतं तरी, बोलू लागली.

तिची आई सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन समुद्राकडच्या मिठागरांवर जायची आणि मोळीच्या बदल्यात मीठ आणायची. लाडकी सात-आठ वर्षांची असल्यापासून बरोबर. मिठागरवाले अडाणी बाई बघून पहिल्या काढणीचं कडवट मीठ माथी मारायचे. त्या मिठात सुकवलेली मासळी नासते. आई खडा लाडकीच्या जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "सांग." लाडकी सांगायची. चुकली नाही कधी. एका मिठागरवाल्याने तर म्हटलं होतं, "रखमे, ही पोर घरी ठेवून येत जा, आमचा धंदा बुडवेल." पाड्यात आली सून होऊन, तर तिथेही नाव झालं. लग्नाच्या हंड्यात मीठ घालायचा मान तिचा. बाकीच्या बायका सगळं करणार, पण मिठाची मूठ लाडकीची. ती थेंब तळहातावर घेऊन चाटणार, मान हलवणार, मग पंगत बसणार.

"तुमी देवाला चाखून दावीत नाय ना, बाय?"

"नैवेद्य चाखत नाहीत. उष्टा होतो."

"आमच्यात माझ्या उष्ट्याबिगर हंडा उतरत नाय. नव्हता." तिने केळ्याची साल बाजूला ठेवली. "दिवाळीनंतर दिराच्या पोराचं लगीन झालं. मी मूठ टाकली. चाटलं, काय कळंना. आजून एक टाकली. परत काय नाय. तिसरी टाकली. पंगत बसली न् पयल्या घासाला सगळे थू थू करत उठले. दीर सगळ्यांसमोर वरडला, 'वयनीनं खाडी शिजवली रे!' पोरं आजून मला खाडीवाली म्हनतात. सासू म्हनली, बोईसरला जाऊन माजली. कुनाला काय सांगू? सांगितलं आसतं तरी कुनाला खरं वाटलं आसतं? पानी चाखून कुनाची जीभ मरते?"

उषाला काहीतरी आठवलं. नरहरी साहेबच एकदा मालाच्या घटीबद्दल शेठला सांगत होते. ती तिथेच चिठ्ठ्या डकवत होती. "मीठ जाताना थोडं शिसंही पदरात बांधून नेतं. पाण्यातून जातंच ते. त्याला इलाज नाही." शेठने विचारलं होतं, "किती जातं?" कुठे जातं, हे कुणी विचारलं नव्हतं. उषाने ऐकलं होतं, आणि त्याच संध्याकाळी दाराशी उभं राहून 'थोडं', 'थोडं' लिहिलं होतं. नाकाला पदर लावून. किळस तिला लाडकीची येत होती. त्या थुंकीची, त्या दातांची, खिळ्याला टांगलेल्या चमच्याची. पाण्याची कधी आली नाही, कारण पाणी तिच्या जिभेवर नव्हतं.

पुढची दशमी तिने माशांना टाकली. झऱ्यात मासे नव्हते, ती नुसती पाण्यावर तरंगत राहिली.

"मनोरच्या डाक्टरला दाखवलंस?"

"पोटात मुरडा येतो म्हनून गेलते. हिरडी बघितली त्यानं. म्हनला, काम काय करतेस? मी म्हनलं, पीठ धुते. तो हसला. म्हनला, पीठ कुनी धुतं का? गोळ्या दिल्या."

"चाखते ते सांगितलंस?"

"ते कसं सांगू? लाज वाटली."

उठताना लाडकीचा डावा हात जमिनीवर टेकला आणि मनगटातून लुळा वळला. तिने दुसऱ्या हाताने तो उचलून सरळ केला, पदर सारखा करावा इतक्या सहज.

दोघी पुढच्या वाटेला लागल्या. पिशवीतल्या बाटल्या वाजत होत्या. उषाने पिशवी छातीशी धरली, तरी वाजायच्या थांबेनात. फेकून द्याव्यात, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण सोमवारी साहेबांना काय सांगायचं? पोर चुकली, असं सांगितलं तर दोघी घरी बसतील. खोटं बोलल्याचं पाप एक, आणि दोन बायकांच्या पोटावर पाय दिल्याचं दुसरं. खरं सांगावं तर कुणाला? शिसं जातं हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. सूर्यनारायणा, तूच बघ रे, ती पुटपुटली. ऊन डोक्यावर होतं. बघायला त्याला काही अडचण नव्हती.

बिवळपाड्यावर कुडाची पंधरा-वीस घरं. लाडकीची सासू बुधी ओटीवर सूप घेऊन बसली होती. उषाला बघून तिने सूप बाजूला केलं.

"आली का कंपनीची बाय? बसा. पानी देते." मग सुनेकडे बघून, "आन तू? चहात आज साखर टाकशील का मीठ?"

"तूच टाक," लाडकी म्हणाली.

बायडी आतून आली. केस तेल लावून चापून बसवलेले, परकर धुतलेला, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. साहेबांचा निरोप तिच्या कानावर आधीच गेला होता. पाड्यात निरोप माणसाच्या आधी पोचतो.

"मी तयार हाय," ती म्हणाली. "खोली बोईसरलाच ना? तिथं लाईट हाय ना?"

"आधी परीक्षा दे," बुधी हसली. "नापास झालीस तर शेळ्या हायत."

"नापास कशी होईन? लग्नाला आयेनं तिसरी मूठ टाकली तवा मीच पयलं सांगितलं होतं. खारट हाय म्हनून. कुनी ऐकलं नाय."

लाडकीने मान खाली घातली. पोरीला चव कळत होती. लाडकीची होती तेव्हाची, तीच जीभ, पंधरा वर्षांची, गुलाबी, स्वच्छ. बायडीने ती खोडकरपणे बाहेर काढून दाखवली. उषाला क्षणभर पुढचं दिसल्यासारखं झालं. स्टूल, खिळ्यावरचा चमचा, वाफ, आणि दाराशी स्वतः, हातात पेन.

"द्या ना, बाय," बायडीने हात पुढे केला. "कुठली आधी?"

उषाने पिशवीत हात घातला. फडकं सोडलं. सारवलेल्या ओटीवर दोन्ही बाटल्या ठेवल्या. पाणी दोन्हींत सारखंच दिसत होतं, देवाच्या तांब्यात असतं तसं नितळ. बाराच्या बाटलीच्या तळाला मात्र पिवळी कड धरली होती, नखाएवढी. तिने बाराची बाटली उचलली, बूच काढलं. तोच नाण्यासारखा वास. तिचा हात थांबला.

लाडकी पुढे आली. धड असलेल्या उजव्या हाताने तिने बायडीचा हात खाली दाबला.

"थांब. तू नको."

"का? तूच तर म्हनलीस, काम चांगलं हाय."

"म्हनले. स्टूल मिळालं तवा म्हनले." मग ती उषाकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उषाला सोपं गेलं असतं. "उषाबाय, पोरीला न्यायचं का नाय ते मी तुमच्यावर सोडते. तुमी शिकलेल्या. देवाधर्माच्या. खोटं बोलनार नाय. पन एक करा. आधी तुमी चाखा."

उषाने बाटली अंगाजवळ घेतली. "मी?"

"हां."

"अगं, आज माझं अळणी आहे. सांगितलं ना तुला वाटेत. वीस वर्षांचं व्रत..."

"म्हनून तर बाराची घ्या म्हनते. सायेबानं औषध टाकून बघितलीये." लाडकीने बाटलीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते अक्षर कुणाचं हे तिला ठाऊक होतं. "त्यात मीठ नाय. वर्सानुवर्सं तुमीच लिवत आलात. तुमचं व्रत मोडत नाय."

बुधीने सूप पुन्हा हातात घेतलं होतं. बायडी आईकडून बाईकडे आणि बाईकडून आईकडे बघत होती.

लाडकीने ओटीवरून पळसाचं पान उचललं, पुसलं, त्याचा लहानसा द्रोण मुडपला आणि उषापुढे धरला.

"एक थेंब, बाय. गिळू नका, मी पन गिळत नव्हते. जिभेवर धरा, पाचपर्यंत मोजा, आन मंग माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघून सांगा, कसं लागतं ते."